सर्व्हरच्या दारातला ठिय्या

1998 साली मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांच्या संकेतस्थळाकडे एकच पान पुन्हा पुन्हा मागितलं जात होतं. पानाचं नाव 'जस्टिस'. असं पान तिथे कधी नव्हतंच. त्यामुळे प्रत्येक मागणीला यंत्र ठरलेलं उत्तर द्यायचं आणि स्वतःच्या नोंदीत लिहूनही ठेवायचं: 'जस्टिस' या सर्व्हरवर सापडत नाही. मग 'ह्यूमन राइट्स' मागितलं जायचं. तेही सापडायचं नाही. आणि मग मागितली जायची माणसांची नावं. 22 डिसेंबर 1997 ला चियापास राज्यातल्या आक्तेआल या वस्तीत निमलष्करी टोळीने 45 आदिवासींना मारलं होतं. त्यात बायका आणि मुलं जास्त होती. त्यांची नावं सरकारी सर्व्हरच्या नोंदीत एकेक करून उमटत राहिली आणि प्रत्येकापुढे तोच शेरा पडत गेला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही. निषेधाचे पुष्कळ प्रकार पाहिले होते, पण ज्याच्याविरुद्ध निषेध आहे त्याच्याच वहीत, त्याच्याच यंत्राच्या हाताने मृतांची यादी लिहवून घ्यायची, हे कधी ऐकलं नव्हतं.

हे करणारा गट चौघांचा होता, इलेक्ट्रॉनिक डिस्टर्बन्स थिएटर. रिकार्डो डोमिंगेझ, कार्मिन कॅरासिक, ब्रेट स्टॉलबॉम आणि स्टीफन रे. त्यांनी तयार केलेल्या प्रोग्रॅमचं नाव फ्लडनेट. तो ब्राउझरमध्ये उघडा ठेवला की दर काही सेकंदांनी समोरच्या साइटकडे आपोआप पान मागत राहायचा. एकट्याने उघडला तर कुणाला पत्ताही लागणार नाही; हजारो जणांनी एका वेळी उघडला तर साइट मंदावायची. चियापासमधला हा झगडा मुळात व्यापार कराराशी बांधलेला होता. झापाटिस्टांनी, म्हणजे तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सशस्त्र संघटनेने, उठाव केला तो 1 जानेवारी 1994 ला, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा हा व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी. त्याआधी, 1992 मध्ये, मेक्सिकोने घटनेचं 27 वं कलम बदलून गावाच्या सामाईक जमिनी विकायची वाट मोकळी केली होती. अमेरिकेतला स्वस्त मका येणार आणि पायाखालची जमीनही विकाऊ होणार, हे त्या डोंगरातल्या माणसांनी करारावरची शाई वाळायच्या आत ओळखलं होतं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली. आमच्याकडे 'डंकेल' हे नाव मी शाळेत असताना घरात शिरलं. देशादेशांतल्या व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या 'गॅट'चे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर 1991 मध्ये जो मसुदा मांडला, त्याच्यातून पुढे जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. आमचे मामा शेतकरी संघटनेचे, छातीवर कायम लाल बिल्ला. बाबा सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले, खादीतले. मामांचं म्हणणं संघटनेचे नेते शरद जोशी यांचं म्हणणं होतं: शेतकऱ्याला लुटतं ते आपलंच सरकार, उणे सबसिडी देऊन, म्हणजे जागतिक बाजारापेक्षा कमी भाव पदरात टाकून, राज्याच्या एकाधिकार खरेदीने कापूस कोंडून ठेवलाय, बाजार खुला होऊ द्या. बाबांचं म्हणणं, बियाणं परक्याच्या हाती जाईल आणि एकदा गेलं की परत येणार नाही. जेवणं निवून जायची. आई शेवटी भांडी उचलायला लागायची. आज त्या भांडणाकडे पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. दोघंही हुशार होते, दोघंही पोटतिडकीने बोलत होते, आणि तो मसुदा दोघांपैकी कुणीही पाहिलेला नव्हता. तो पाहायला मिळण्याची सोयच नव्हती. वर्तमानपत्रात जे येईल, सभेत नेते जे सांगतील, त्यावर आमच्या स्वयंपाकघरातलं राजकारण चालायचं.

म्हणून या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती 1997 सालची गोष्ट. तिच्यात ना धुराची नळकांडी आहेत, ना साइट बंद पाडणं. पॅरिसला ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेत 1995 पासून एक गुंतवणूक करार शिजत होता, एमएआय. 29 सदस्य देश बोलणी करत होते, आणि करार झाल्यावर बाकीच्या जगाने त्यात यावं अशी अपेक्षा होती. परदेशी कंपनीला एखाद्या देशाच्या कायद्यामुळे नुकसान झालं असं वाटलं, तर ती त्या सरकारलाच लवादापुढे खेचू शकेल अशी तरतूद त्यात होती. ज्या देशांच्या वतीने हे चाललं होतं त्यांच्या कित्येक खासदारांना त्याची खबर नव्हती. मग 1997 च्या सुरुवातीला मसुद्याची प्रत बाहेर आली आणि कॅनडा-अमेरिकेतल्या संघटनांनी ती इंटरनेटवर टाकून दिली. एवढंच.

पण त्या 'एवढंच'ने काय घडलं ते पाहा. कॅनडातला कामगार नेता, न्यूझीलंडमधला माओरी कार्यकर्ता, फ्रान्समधला चित्रपट दिग्दर्शक, सगळे एकाच रात्री एकच कलम वाचू लागले. ईमेलच्या याद्यांवरून कलमवार टिपणं फिरू लागली. फ्रान्समध्ये सिनेमावाले खवळले, कारण आपल्या भाषेतल्या सिनेमाला सरकारी आधार देणंही उद्या गुन्हा ठरेल असं त्यांना मसुद्यात दिसलं. ऑक्टोबर 1998 मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांनी बोलण्यांतून अंग काढून घेतलं आणि वर्ष संपता संपता करार बारगळला. सरकारांचे आपसातले मतभेद होतेच, त्याचंही श्रेय द्यायला हवं. तरीही बंद खोलीतला कागद उघड्यावर आला नसता तर ते मतभेद तडजोडीत मिटले असते, असं मला ठामपणे वाटतं.

त्यानंतर वर्षभराने सिएटल. 30 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर 1999, जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद. रस्त्यावर चाळीस-पन्नास हजार माणसं उतरली, प्रतिनिधींना सभागृहापर्यंत पोचता आलं नाही, उद्घाटन रद्द करावं लागलं, मग अश्रुधूर, संचारबंदी, नॅशनल गार्ड. हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच दिवसांत ब्रिटनमधल्या इलेक्ट्रोहिप्पी नावाच्या छोट्या गटाने संघटनेच्या संकेतस्थळापुढे आभासी ठिय्या मांडला. पॉल मॉब्स हे त्यांच्यातलं पुढे येऊन बोलणारं नाव. ज्यांना सिएटलला जाणं शक्य नाही त्यांनी घरून एक पान उघडायचं; ते पान तुमच्या वतीने संघटनेच्या सर्व्हरकडे सतत मागणी करत राहणार. साडेचार लाखांवर लोक सामील झाले असा त्यांचा दावा होता. साइट अधूनमधून मंदावली.

त्या गटाबद्दल मला आदर आहे, आणि तो त्या आकड्यामुळे नाही. एका कुशल हॅकरला साइट पाडायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही. यांनी मुद्दाम असं हत्यार निवडलं जे एकट्याच्या हातात निरुपयोगी आहे. एक माणूस, एक संगणक, एक मागणी. पुरेशी माणसं आली नाहीत तर काही होणार नाही, आणि तसंच व्हायला हवं, अशी त्यांची भूमिका होती. 2000 साली जनुकबदल पिकांविरुद्ध अशीच मोहीम आखली तेव्हा त्यांनी आधी लोकांचा कौल घेतला. निम्म्यांचाही स्पष्ट पाठिंबा मिळाला नाही, आणि त्यांनी ठिय्या रद्द केला. आंदोलन पुकारून, मतं मोजून, मागे घेणारे किती जण आपण पाहिलेत?

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती हॅकर मंडळींकडूनच जोरात झाली. कुणाचंही संकेतस्थळ अडवणं म्हणजे त्याचं बोलणं अडवणं, मग तो कितीही वाईट असो, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा मला हलका वाटत नाही. त्याच वर्षी, फेब्रुवारी 2000 मध्ये, कॅनडातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने इतरांचे संगणक ताब्यात घेऊन याहू, सीएनएन, ईबे, ॲमेझॉन अशा साइट्स आडव्या केल्या. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकार सारखेच दिसणार. आत मात्र फरक आहे: एकीकडे लाखो माणसं, दुसरीकडे एक पोरगा आणि त्याने चोरलेली यंत्रं. कायद्याला हा फरक फारसा दिसत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 व्या कलमात संगणक यंत्रणेत अडथळा आणणं आणि अधिकृत वापरकर्त्याला प्रवेश नाकारला जाईल असं करणं, दोन्ही आहेत. अप्रामाणिकपणे केलं तर 66 व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद. रस्त्यावर बसलेल्याला पोलीस उचलून नेतात आणि बहुतेक वेळा संध्याकाळी सोडतात, तशी रीत इथे अजून पडलेली नाही. जर्मनीत 2001 मध्ये निर्वासितांना विमानाने परत पाठवण्याविरुद्ध लुफ्तान्साच्या साइटपुढे असा ठिय्या झाला. आयोजकाला खालच्या न्यायालयाने 2005 मध्ये दोषी ठरवलं, आणि 2006 मध्ये फ्रँकफर्टच्या वरच्या न्यायालयाने निर्दोष सोडलं. या प्रश्नावर न्यायाधीशांनी एवढा विचार केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

सिएटलच्या आसपासच आणखी एक मंडळी वेगळ्या वाटेने गेली. आरटीमार्क नावाच्या गटाने 'गॅट'च्या नावाने हुबेहूब व्यापार संघटनेसारखं दिसणारं संकेतस्थळ उभं केलं. संघटनेचे महासंचालक माइक मूर यांना जाहीर निषेध करावा लागला. पुढे ती साइट येस मेन या जोडगोळीच्या हाती आली, आणि घडलं ते असं की लोक ती खरी समजून तिथे परिषदांची आमंत्रणं पाठवू लागले. ऑगस्ट 2001 मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात वस्त्रोद्योगाची परिषद होती. तिथे यांच्यातला एक जण संघटनेचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला आणि त्याने भाषण केलं. गुलामगिरीपेक्षा दूरदेशीचा मजूर मालकाला कसा स्वस्त पडतो हे सांगितलं. गांधी भला माणूस होता, पण खुल्या व्यापाराचे फायदे त्याला कळले नाहीत, असं सांगितलं. मग सूट फाडून आतला सोनेरी चकचकीत पोशाख दाखवला, त्याला हवेने फुगणारं लांबलचक उपकरण आणि त्याच्या टोकाला पडदा: म्हणे साहेबाने यावरून हजारो मैलांवरच्या कामगारांवर लक्ष ठेवावं. सभागृहातल्या कुणीही उठून विरोध केला नाही. टाळ्या वाजल्या.

सेवाग्रामपासून थोड्या अंतरावर वाढलेल्या माझ्यासारखीला हा प्रसंग नुसता मजेचा वाटू शकत नाही. चरख्याबद्दल वस्त्रोद्योगाच्या जाणकारांसमोर असं बोललं गेलं आणि त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही, कारण बोलणाऱ्याच्या नावापुढे संस्थेचं नाव होतं. त्या नावाचा दबदबा किती खोल गेलाय, हे त्या दिवशी उघडं पडलं.

तरीही मी पुन्हा कागदाकडे येते. सिएटलची परिषद फसली ती नुसती रस्त्यामुळे किंवा सर्व्हरमुळे नाही. आतमध्ये निवडक देशांना बोलावून 'ग्रीन रूम'मध्ये मसुदे ठरवले जात होते आणि आफ्रिकी देशांचे मंत्री दाराबाहेर ताटकळत होते. त्यांनी 2 डिसेंबरला जाहीर सांगितलं की आम्हाला वगळून ठरलेल्या गोष्टीला आमची सहमती नाही. सहमतीवर चालणाऱ्या संस्थेत एवढ्या देशांचा नकार पुरेसा होता. म्हणजे बाहेरच्यांची आणि आतल्या दुबळ्यांची तक्रार एकच होती: काय ठरतंय ते आम्हाला दाखवा.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जणींनी वर्ध्यात एक वाचनगट सुरू केला आणि जागतिक व्यापार संघटनेचा शेती करार समोर ठेवून कलम-कलम वाचला. इंटरनेटवर तो सगळा फुकट उपलब्ध आहे. मला वाटतं, बाबांना आणि मामांना जे मिळालं नव्हतं ते हेच. त्यात आम्हाला दिसलं की हमीभावातलं अनुदान मोजताना तुलना होते ती 1986 ते 1988 च्या जागतिक किमतींशी. त्या किमती गोठवलेल्या आहेत. मधल्या काळात रुपयाचं काय झालं आणि खताचं पोतं कुठे गेलं याचा हिशोब त्यात सरळ येत नाही. विकसनशील देशाला उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्क्यांची मर्यादा; आणि ज्यांनी सुरुवातीलाच भरमसाट अनुदान जाहीर करून ठेवलं होतं त्या श्रीमंत देशांना, थोडी कपात करून का होईना, ते पुढे चालू ठेवायची मुभा. सरकारी धान्यसाठ्यासाठी 2013 मध्ये बालीच्या परिषदेत जो 'पीस क्लॉज' मिळाला, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी खटला भरायचा नाही ही हमी, तो तात्पुरता म्हणून मिळाला. कायमचा तोडगा अजून झालेला नाही.

आणि कापूस. 2003 मध्ये मेक्सिकोत कानकुनला झालेल्या संघटनेच्या परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांनी मागणी केली की अमेरिकेने आपल्या कापूसवाल्यांना दिलेलं अनुदान थांबवावं, कारण त्याने जगातला भाव पडतो. त्यांना मसुद्यातून उत्तर मिळालं की तुम्ही दुसरी पिकं, दुसरे उद्योग पाहा. त्या परिषदेच्या पहिल्याच दिवशी, 10 सप्टेंबरला, ली क्युंग-हे नावाच्या कोरियन शेतकऱ्याने कुंपणावर चढून स्वतःला संपवलं. कुठल्याही करारासाठी कुणी आपला जीव देऊ नये. पण यवतमाळच्या, वर्ध्याच्या माणसाला ती बातमी परकी वाटू शकत नव्हती. ब्राझीलने मात्र अमेरिकेविरुद्ध कापसाचा खटला जिंकला. मग अमेरिकेने काय केलं? अनुदान पुरतं बंद करण्याऐवजी ब्राझीललाच वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि 2014 मध्ये आणखी 30 कोटी देऊन प्रकरण मिटवलं. विदर्भाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. हे सगळं मी मामांना सांगितलं तेव्हा ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग तर जोशी साहेब खरंच बोलत होते. खुला बाजार कुणी दिलाच नाही आपल्याला." बाबा असते तर त्यांनीही याच आकड्यांवरून स्वतःचंच खरं केलं असतं. पण आता दोघांचं भांडण निदान एकाच कागदावर झालं असतं.

आज आभासी ठिय्याचं बळ उरलेलं नाही. सर्व्हर मोठे झाले, आणि मुख्य म्हणजे एका माणसाची एक मागणी हा पायाच गेला. हजार खाती एका खोलीतून चालतात, हॅशटॅग विकत मिळतो. उलट अडवण्याचं हत्यार सरकारांनी उचललं. 1999 मध्ये आंदोलकांनी एक साइट काही तास मंद केली म्हणून केवढा गहजब झाला होता. जानेवारी 2021 च्या शेवटी सिंघू, टिकरी आणि गाझीपूरला बसलेल्या हजारो शेतकऱ्यांचं इंटरनेटच सरकारी आदेशाने बंद झालं. नाशिकहून गेलेल्या जथ्यातल्या आपल्या शेतकऱ्यांनीही तो हिवाळा अनुभवलाय. त्याआधीच तिथल्या तरुणांनी गुरुमुखी आणि हिंदीत 'ट्रॉली टाइम्स' छापायला घेतला होता. छापील कागद कुणाला दुरून बंद करता येत नाही. त्याच शेतकऱ्यांच्या संयुक्त किसान मोर्च्याने 26 फेब्रुवारी 2024 ला, अबू धाबीत जागतिक व्यापार संघटनेची (डब्ल्यूटीओ) मंत्री परिषद सुरू झाली त्या दिवशी, 'डब्ल्यूटीओ सोडा' म्हणत हायवेच्या कडेला ट्रॅक्टर उभे केले.

युरोपात लोकांनी काय मिळवलं ते आपल्याकडे फार कमी बोललं जातं. अमेरिकेबरोबरच्या टीटीआयपी कराराविरुद्ध तिथे तीस लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या. रेटा एवढा वाढला की युरोपीय आयोगाने जानेवारी 2015 पासून आपले प्रस्ताव, बोलणी चालू असतानाच, जाहीर करायला सुरुवात केली. एकत्रित मसुदा मात्र बंदच होता. बर्लिनमध्ये खासदारांनी तो राखणीतल्या खोलीत बसून वाचायचा, नक्कल काढायची नाही. मे 2016 मध्ये ग्रीनपीसने 248 पानं फोडली आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढे काचेची खोली उभी करून कुणीही यावं आणि वाचावं अशी सोय केली. माणसं रांग लावून व्यापार कराराची कलमं वाचत होती.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारावर संसदेची मंजुरी घेणं सरकारवर बंधनकारक नाही. ब्रिटनबरोबरच्या करारावर जानेवारी 2022 पासून बोलणी झाली, 24 जुलै 2025 ला सही झाली, आणि मजकूर लोकांसमोर आला तो सही झाल्यावर. पुढच्याच महिन्यात कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क माफ झालं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग लगेच डिसेंबरअखेरपर्यंत. आमच्या भागात तेव्हा कापूस शेतात उभा होता. मामांचा फोन आला. ते आजही खुल्या व्यापाराचेच आहेत, आणि मार्च 2012 मध्ये सरकारने कापसाची निर्यात बंद केली होती ते त्यांनी विसरू दिलेलं नाही. "आयात उघडायची तर निर्यातीलाही कधी कुलूप लावू नका," हा त्यांचा आग्रह. माझं मत वेगळं आहे, विशेषतः बियाण्याबाबत, आणि ते त्यांना ठाऊक आहे.

खासदारांना पाठवायचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. शुल्कावर एकमत झालं नाही, म्हणून ते परिच्छेद वेगवेगळे ठेवले, त्यांचा त्यांच्या सहीने, माझा माझ्या. दोघांच्या सह्या एका मागणीखाली आहेत: पुढच्या प्रत्येक व्यापार कराराचं शेतीचं प्रकरण सही होण्याच्या आधी मराठीत प्रसिद्ध करा, आणि त्यावर हरकती घ्यायला निदान एक हंगाम द्या. पत्राची प्रत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आहे. सह्या येताहेत, आणि शुल्कावरची भांडणंही.